बांधावरचे मामंजी

पाण्यावर इतका जीव टाकणारा आणि जन्मात घोट्याच्या वर पाण्यात न उतरलेला माणूस साऱ्या निपाणी-चिकोडी भागात माझ्या मामंजींशिवाय दुसरा झाला नाही, आणि पुढं कधी होईल असंही मला वाटत नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. धंदा तंबाखूचा, धर्म जैनाचा आणि नाद पाण्याचा. व्यापाऱ्याला एखादा नाद असायला कुणाची हरकत नसते. आमच्या गल्लीत कुणाला बैलांच्या शर्यतींचा होता, कुणाला कुस्त्यांचा, आणि एका शेजाऱ्यांना तर नुसते कोर्टात दावे लावण्याचा होता. पण मामंजींनी तवंदीच्या घाटाकडच्या आमच्या डोंगरउताराच्या रानात, ओढ्याला आडवा मातीचा बांध घालून एक तळं केलं होतं, आणि त्या तळ्यातला एक थेंबही कुठल्या पिकाला जात नव्हता. "एवढं पाणी कशापाय साठीवलंय आप्पा?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "बघायला." विचारणारा उरलेल्या उत्तराची थोडा वेळ वाट बघायचा. ते कधी येत नसे.

ह्या नादाचं मूळ बेळगावात होतं, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. कसल्याशा कामासाठी मामंजी बेळगावला गेले होते. तिथं कँपातल्या एका साहेबाच्या बंगल्यामागं खाजगी तळं होतं, त्यात एक होडी आणि काठावर वेताच्या खुर्च्या. मामंजी कुंपणाला टेकून बघत राहिले, तर शिपायानं येऊन त्यांना हुसकून लावलं. दुसरा कुणी असता तर चिडला असता. मामंजी घरी येऊन एवढंच म्हणाले, "लई ग्वाड दिसतंय गं पाणी, नुसतं बसल्यालं." आणि पुढच्या उन्हाळ्यात बांधाचं काम सुरू झालं. "लोक सवत आणत्यात, ती निदान भाकरी तरी थापती," असं आत्याबाई आल्यागेल्याला ऐकवायच्या. मामंजी ते ऐकून खुशीत हसायचे, आणि त्यामुळं आत्याबाई जास्तच चिडायच्या.

आता खरी गंमत अशी, की तळ्याचा मालक होणं आमच्या धर्मात बसायला अवघड. आमच्याकडं पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावत नाहीत, आणि गाळून झालं की फडक्यातले जीव ज्या विहिरीतून आले तिथंच अलगद परत सोडतात. मामंजी तर आंघोळीचं पाणीसुद्धा दुहेरी फडक्यानं गाळायचे. मग तळ्यात पोहायचं कसं? एवढं तळं गाळायला फडकं कुठून आणायचं? म्हणून ते काठावरच बसत. हौशीनं त्यांनी एक होडी करून घेतली होती. ती करणाऱ्या सुतारानं त्याआधी फक्त बैलगाड्या केल्या होत्या, त्यामुळं होडी दणकट होती, पण तिचा कल सारखा डावीकडं असे. पाहुण्यांना तीत बसवून मामंजी काठावरून सूचना द्यायचे. "हळू मारा वल्हं, मासं निजल्यात," असं ते अगदी मनापासून सांगायचे आणि पाहुणे ओशाळून वल्हं वर धरून बसायचे.

पण तळं बघण्यात त्यांचा जेवढा वेळ जाई, त्याच्या दसपट बांध सांभाळण्यात जाई. मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्या लग्नात, आणि तेही उशिरा. माझं माहेर बेळगावाला लागून असलेल्या शहापूरचं, वडिलांचं साड्यांचं दुकान. वऱ्हाड घेऊन आम्ही निपाणीला आलो होतो. अक्षता पडायच्या वेळी घाटाच्या अंगाला वळवाचे ढग चढले आणि मुलाचे वडील मांडवातून नाहीसे झाले. माझ्या वडिलांना वाटलं, काहीतरी बिनसलं. माझी आई तर रडायच्या बेतात आली. पंगत उठता उठता मामंजी परत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, जरीच्या फेट्यात पाचोळा. सांडव्याच्या तोंडाशी, म्हणजे जास्तीचं पाणी बांधावरून न जाता ज्या वाटेनं बाजूला निघून जायचं तिथं, काटक्या अडकल्या असतील अशी त्यांना शंका आली होती. "सांडवा तुंबला म्हंजे बांध गेला म्हणून समजा," असं ते माझ्या वडिलांना समजावून सांगू लागले. वडिलांना सांडवा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण बांध गेला नाही ह्याचा त्यांना फार आनंद झाला.

बांधावर झाड उगवू द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. झाड मोठं होतं, मरतं, मुळ्या कुजतात, आणि मुळ्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. त्यातून पाणी वाट काढतं. हे सगळं ते मला भाजी निवडताना समोर बसून सांगत. पण रोप उपटून फेकायचं म्हणजे जीवहत्या. म्हणून बांधावर आलेलं प्रत्येक रोप ते मुळाच्या मातीसकट अलगद काढून फडक्यात बांधून आणत आणि कुणाला तरी भेट देत. निपाणीत असं एकही परसू नसेल जिथं आमच्या बांधावरचं एक लिंबाचं किंवा करंजाचं झाड उभं नाही. बारशाला रोप, मुंजीला रोप, आणि एका मामलेदारांच्या निरोपसमारंभाला सगळ्यांनी हार घातले तेव्हा मामंजींनी त्यांच्या हातात करंज दिला. म्हशींच्या बाबतीतही तेच. म्हशींच्या खुरांनी बांधाचा काठ ढासळतो, पण काठी उगारायची नाही. मग मामंजी वाटेत आडवे उभे राहून म्हशीला म्हणायचे, "बाई, तिकडनं जा." काही म्हशी ऐकत असत, असं त्यांचं म्हणणं.

बांधाच्या पायथ्याशी थोडा पाझर असायचाच. "असू दे," ते म्हणायचे, "मातीचा बांध हाय, त्यालाबी घाम येणारच. पर घाम निर्मळ पायजे." रोज ते एक पितळी पेला पाझराखाली धरायचे आणि उन्हात नेऊन डोळे बारीक करून बघायचे. पाणी नितळ असलं म्हणजे बांधाची तब्येत ठीक. गढूळ आलं तर आतली माती वाहून चालली. त्यांच्या हयातीत मी तो पेला शेकडो वेळा बघितला असेल. लोक जसे सकाळी देवाचं दर्शन घेतात तसं आम्हा सगळ्यांना त्या पेल्याचं दर्शन घ्यावं लागे.

आणि मला ते तळं फार आवडायचं. शहापूरच्या आमच्या बोळात दिवसभर मागांची खटखट, आणि आभाळ म्हणजे समोरासमोरच्या दोन पन्हाळींच्या मधली चिंधोटी. सासरचा वाडा त्याहून अंधारा. मामंजी तळ्यावर गेले की जेवायचं विसरत, आणि सूर्य बुडाल्यावर तर आम्ही जेवत नाही. म्हणून दिवस कलायच्या आत त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं आलं. छकड्यातून उतरून मी काठावरच्या दगडावर बसायची. तिथं डोक्यावरचा पदर घसरला तरी सावरावासा वाटायचा नाही. मामंजींना ते कळायचं. मी बसले की ते हटकून बांधाच्या पलीकडच्या टोकाला जायचे आणि पाठमोरे होऊन तिथली माती तपासत बसायचे. एका सुनेला तेवढा वेळ एकटीला मिळावा, हे त्या काळी कुणाच्या डोक्यात आलं असतं?

मामंजींचा खरा शत्रू होता खेकडा. खेकडा बांधात बीळ पाडतो, आणि बीळ आरपार गेलं की बांध संपला. सगळे लोक खेकडे मारतात. मामंजी मारायचे कसे? त्यांनी बांधाच्या राखणीला बाळू धनगराला ठेवलं होतं. दोघं मळलेल्या चिकणमातीचा गोळा हातात घेऊन बिळाशी बसून राहायचे. "आधी मालक भाईर पडू दे, मग दार लाव," असा मामंजींचा हुकूम. "आप्पा, ह्यो आज सुट्टीवर हाय. न्हाय पडत भाईर," बाळू कंटाळून म्हणायचा. अखेरीला खेकडा बाहेर पडला की त्याला झाकणाच्या बुट्टीत, म्हणजे टोपलीत, घालायचं, बीळ चिकणमातीनं ठासून बुजवायचं आणि बुट्टी लांब वेदगंगेवर नेऊन रिकामी करायची. बाळू रोज संध्याकाळी बुट्टी घेऊन जायचा. "पोचली न्हवं समदी नीट?" मामंजी दुसऱ्या दिवशी विचारायचे. "व्हय आप्पा, सुखरूप." अशी कित्येक वर्षं बांध उत्तम राहिला, बाळूची पोरंही अंगानं चांगली भरली.

एका आषाढात बाळूला ताप आला म्हणून मामंजी टेकावरच्या त्याच्या खोपटात चौकशी करायला गेले, आणि बाळूच्या घरवालीनं चुलीवर काय शिजत घातलं होतं ते त्यांना वासावरून कळलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं बाळू पुढं म्हणायचा. ते घरी आले आणि दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. "माझ्या करमणुकीपायी एवढं जीव गेलं," एवढंच म्हणत राहिले. त्या दिवसापासून खेकडे सोडायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. पण वेदगंगा लांब, आणि मामंजींचे गुडघे दुखरे. ते बांधाच्या खालच्या अंगाला, ओढ्यातच, प्रत्येक खेकड्याला हातानं उचलून पाण्यात सोडायचे आणि वर म्हणायचे, "आता हिकडं येऊ नको." खेकडा थोडा वेळ तिथंच बसायचा, मामंजींची पाठ वळली की चढण चढून परत आपल्या घरी यायचा.

एवढ्यावर भागलं नाही. आमच्याकडं चातुर्मास लागला की बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाऊन ज्यानं त्यानं काहीतरी व्रत घ्यायचं. मी त्या वर्षी गूळ सोडला. मामंजींनी देवापुढं उभं राहून सांगितलं, "कार्तिकापातूर माती खणणार न्हाय, कुणाकडनं खणवणार न्हाय." खणताना मातीतले जीव मरतात, म्हणून खेकड्यांचं प्रायश्चित्त होतं ते. आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "पावसाळ्यात बांधवाल्यानं माती सोडायची, म्हंजे आचाऱ्यानं लग्नसराईत चूल सोडायची झाली," त्या म्हणाल्या. पण घेतलेलं व्रत घेतलेलं. चिकणमाती खणून आणणं बंद झालं, बिळं बुजवणं बंद झालं. मामंजी नुसतेच बिळांशी बसून राहायचे आणि आत वाकून बघायचे.

श्रावणात पाऊस बसला तो उठेचना. माझे यजमान कामासाठी परगावी होते. त्या दिवशी मी डबा घेऊन नेहमीपेक्षा लवकर, दुपारीच निघाले, कारण मामंजी पहाटेपासून तळ्यावर होते आणि आत्याबाईंचा जीव लागत नव्हता. पोचले तेव्हा ते बांधाच्या पायथ्याशी पावसात उभे होते, हातात पेला. मी जवळ गेले. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. आतलं पाणी चहासारखं लाल होतं. पायथ्याशी एक झरा बोटभर जाड होऊन उसळत होता, आणि त्याच्याबरोबर मातीचे कण बाहेर येत होते. तळं काठोकाठ भरलं होतं. इतकं सुंदर ते मी कधी बघितलं नव्हतं.

"खाली वस्ती हाय," मामंजी म्हणाले.

ओढ्याच्या काठी, बांधाच्या खाली, धनगरांची आणि मजुरांची पाचसहा घरं होती. मला ती ठाऊक होती. येताजाता धूर दिसायचा. मामंजी दुखऱ्या गुडघ्यांनी जवळजवळ धावत तिकडं गेले, मी मागून छत्री घेऊन. पहिल्याच घरात एक म्हातारी चुलीपाशी बसली होती. मामंजी म्हणाले, "आक्का, बांधाचं काय खरं न्हाय. समद्यांना घिऊन वर टेकावर जावा. हाताला लागंल तेवढं घ्या, बाकीचं ऱ्हाऊ द्या."

म्हातारी घाबरली नाही. उठली, कोपऱ्यातलं गाठोडं काखेला मारलं, कोंबड्यांची पाटी उचलली आणि निघाली. मामंजी बघतच राहिले. "एवढ्यात गाठोडं कवा बांधलासा?"

"बांधायचं काय आप्पा, बांधल्यालंच असतंय की," म्हातारी म्हणाली. "पाऊस लागला की गाठोडं उशाला घिऊनच आमी निजतो. एकानं जागं ऱ्हायाचं, बाकीच्यांनी निजायचं. समद्या घरांत तसंच हाय."

"कवापास्नं?"

"तळं झाल्यापास्नं."

ती हे तक्रार म्हणून बोलली नव्हती. पाऊस पडतो, तळं भरतं, आपण जागं राहायचं, अशी तिच्या लेखी ती सरळ गोष्ट होती. पण मामंजींचा चेहरा मी बघितला. इतकी वर्षं ज्या माणसानं रोज पेला उन्हात धरून बांध निर्मळ आहे का बघितलं, मासे जागे होतील म्हणून वल्हं हळू मारायला लावलं, त्याला बांधाखालची माणसं निजतात का, हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. ते वळले आणि बांधाकडं चालू लागले.

सांडव्याशी बाळू अडकलेल्या काटक्या काढत होता, त्याच्याकडं त्यांनी कुदळ मागितली. सांडवा बांधाच्या टोकाला, घट्ट मुरमाच्या जमिनीत होता, आणि त्याचं पाणी वस्ती टाळून दुसऱ्या घळीनं आमच्याच तंबाखूच्या रानात उतरायचं. तो खोल केला की तळं हळूहळू रितं होणार, बांधावरचा जोर उतरणार. रानाचं मात्र वाटोळं होणार. बाळूला ते समजलं. पण त्यानं कुदळ पाठीमागं धरली. "आप्पा, तुमचं व्रत हाय," तो म्हणाला. "मी खणतो. तुमी तिकडं तोंड करून बसा. तुमी सांगिटलं न्हाय, मी ऐकलं न्हाय."

"देवापुढं बोललोय मी. मोडायचंच असंल तर माझ्या हातानं मोडू दे," मामंजी म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला.

कुदळ घेऊन ते क्षणभर वाकले, मातीला हात लावून क्षमा मागितली. मग त्यांनी पहिला घाव घातला. आयुष्यभर दुसऱ्याकडून काम करून घेतलेला माणूस. कुदळ मुरमावर आपटून उलटी आली आणि ते पडता पडता वाचले. दुसरा घाव घातला. तिसऱ्याला मुरूम फुटला आणि पाणी त्यात घुसलं. तेव्हा बाळूनं खोरं घेतलं, आणि टेकावर पोराबाळांना ठेवून वस्तीतले बाप्येही खाली आले. मी पदर खोचून पाट्या उचलल्या. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. सूर्य मावळायच्या सुमाराला तळ्याचं पाणी पुरुषभर खाली गेलं होतं आणि पायथ्याचा झरा काडीएवढा बारीक झाला होता. बांध राहिला. पाण्याच्या ओढीनं सांडवा मात्र आणखी खोल कापत गेला आणि पुढच्या दिवसांत तळं त्याच वाटेनं सगळं निघून गेलं. तळाच्या चिखलात मासे उरले होते. ते वस्तीतल्या लोकांनी गोळा करून नेले. ते कुठं सोडले, हे मामंजींनी विचारलं नाही.

चातुर्मासात व्रत मोडलं म्हणून ते बस्तीतल्या उपाध्यांकडं प्रायश्चित्त मागायला गेले. उपाध्ये म्हणाले, जीव वाचवण्यासाठी मोडलेल्या व्रताला प्रायश्चित्त नसतं. मामंजींचं समाधान झालं नाही. त्यांनी आपल्याच मनानं उपास सुरू केले. दिवाळीनंतर बाळू आणि वस्तीतली चार माणसं वाड्यावर आली. बांध शाबूत आहे, सांडवा पुन्हा चढवू, आम्ही सगळे येतो, असं ते म्हणत होते. मामंजींनी त्यांना शेंगा-गूळ दिला, पोराबाळांची चौकशी केली आणि मग म्हणाले, "नको. मला पाणी बघायला आवडतंय म्हणून तुमी का जागायचं?" म्हातारीही आली होती. ती म्हणाली, "आमाला सवय हाय की आप्पा." त्यावर मामंजी म्हणाले, "त्याचंच मला वाईट वाटतंय, आक्का."

त्यानंतर एकदा मी आणि ते छकड्यातून त्या रानावरून आलो. तळाच्या भेगाळलेल्या चिखलावर हिरवं गवत आलं होतं, त्यात बाळूच्या मेंढ्या चरत होत्या. माझा दगड होता तिथंच होता, पण त्याच्यापुढं काहीच नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी तोंड दुसरीकडं केलं. छकडा बराच पुढं गेल्यावर मामंजींनी हळूच विचारलं, "तुला वाईट वाटलं काय गं?"

"न्हाय मामा," मी म्हणाले.

ते म्हणाले, "उद्या माझा उपास हाय. तूबी धर. खोटं बोललीस."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पाटावर बसायचं नाकारलं. आज कसला उपास, म्हणून आत्याबाईंनी विचारलं. मामंजींनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. आत्याबाई पळी हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतःसाठी मांडलेलं ताटही उचलून ठेवलं.